डाव्या गालाचा दस्ता

अणदूरच्या सिद्धारामआप्पा सुतारांचा राग नाकावर नसे, तो थेट रंध्यावर असे. कुणी कामाची घाई केली की आप्पा हातातला रंधा खाली ठेवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि "मग तूच कर की" म्हणून खाटेवर जाऊन बसत. त्यानंतर गिऱ्हाइकाने कितीही मनधरणी केली तरी त्या दिवशी लाकडाला त्यांचा हात लागत नसे. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. तरीही खंडेनवमीच्या सकाळी सुगत कंडक्टर आप्पांच्या दारात घाई घेऊनच उभा राहिला, कारण दुसरा इलाजच नव्हता.

त्याच्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेला बंदुकीचा दस्ता होता. दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकूड. त्याचं मागचं टोक खांद्याला टेकतं, वरच्या अंगावर गाल टेकतो आणि पुढचा भाग पंजावर तोलायचा असतो. शिसवाच्या अखंड फळीतून तो आप्पांनीच घडवला होता आणि आदल्या संध्याकाळी तेलपाणी करून, वर "आता पावसात टाकलास तरी चालंल" असं ऐकवून सुगतच्या स्वाधीन केला होता.

"आप्पा, चिकटायलंय," सुगत म्हणाला.

"काय चिकटायलंय?"

"ह्यो दस्ता. पोरीनं गाल टेकला आन् उचलायला गेली तर कातडं वडल्यागत झालं. केसबी चिकटले. बघा की."

आप्पांनी बघितलं नाही. त्यांनी सोप्यातल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पाटावर रंधा, करवत, पटाशी, वाकस, गिरमिट अशी सगळी हत्यारं ओळीने मांडलेली होती. त्यांना हळदकुंकू लागलं होतं, वर झेंडूची फुलं होती आणि खंडोबाच्या भंडाऱ्याची चिमूट पडली होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाची ती हक्काची सुट्टी.

"निजली ती," आप्पा म्हणाले. "उद्या सांजच्याला उठतील. तवा ये."

उद्या सांजच्याला येऊन काय उपयोग होता? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पोरीला घेऊन लातूर गाठायचं होतं.

बंदूक म्हटल्यावर कुणी दचकू नये. ही होती नेमबाजीच्या स्पर्धेतली हवेची बंदूक. कागदावरच्या काळ्या ठिपक्याखेरीज हिने आजवर कुणाचं वाईट केलेलं नव्हतं. सुगतची मुलगी चैताली अकरावीला होती आणि तुळजापूरच्या एका क्लबात रणधीर सरांच्या हाताखाली नेमबाजी शिकत होती. सर सैन्यातून निवृत्त झालेले, मनाने चांगले, पण जग उजव्या हाताने चालतं यावर त्यांचा गाढ विश्वास. क्लबच्या दोन्ही बंदुका उजव्या. त्यांच्या दस्त्यावरची गालाची फुगीर जागा उजव्या खांद्याच्या माणसासाठी, मुठीची खोबण उजव्या पंजासाठी. आणि चैताली पडली जन्माची डावखुरी. नेम धरणारा डोळाही तिचा डावाच. उजव्या खांद्यावर बंदूक घेतली की तिला कोंबडीसारखी मान तिरकी करावी लागे, आणि नेम कागद सोडून भिंतीकडे जाई.

"सवयीचा प्रश्न आहे," रणधीर सर म्हणाले होते. "वर्षभरात हात बदलेल."

एरवी सुगत कुणाला उलट बोलणारा माणूस नव्हे. भरल्या गाडीत प्रवाशांनी पायावर पाय दिला तरी "जरा सरकून घ्या" याच्यापुढे त्याची जीभ जात नसे. पण त्या दिवशी तो सरांना म्हणाला, "हात बदलायचा न्हाय, सर." आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला.

त्याचा स्वतःचा हात बदललेला होता. शाळेत गुरुजींनी डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी मारमारून त्याला उजवा केला होता. हात बदलला, पण अक्षर कायमचं वाकडं राहिलं, आणि चेंडू फेकायला गेला की कोणत्या हाताने फेकावा हे ठरेपर्यंत खेळ पुढे गेलेला असे. अजूनही तिकीट देताना त्याचा डावा हात आधी पुढे होई आणि एखादी म्हातारी भर गाडीत ओरडे, "डाव्या हातानं देतो व्हय रं? लाज हाय का न्हाय?" मग तो हात चोरासारखा मागे घ्यावा लागे. दोन हात असून आपण कोणत्याच हाताचे राहिलो नाही, ही त्याच्या मनातली सल होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. पोरीच्या वाट्याला मात्र ती येऊ द्यायची नाही, एवढं त्याने ठरवून टाकलं होतं.

म्हणून सोलापूरच्या एका पोराने नेमबाजी सोडली तेव्हा सुगतने त्याची जुनी बंदूक मागून घेतली. ती मोटारसायकलवरून पडून दस्ता उभा चिरला होता, नळीचं लोखंड शाबूत होतं. रणधीर सरांनी ते तपासलं आणि शेवटी एक अट घातली. लातूरच्या विभागीय निवडीला चैतालीने डाव्या खांद्याने उभं राहावं, पण बंदूक तिला नीट बसलेली हवी. नाही बसली तर क्लबची बंदूक घेऊन उजव्याने मारायचं, आणि मग पुढेही उजव्यानेच. पुन्हा तो विषय काढायचा नाही.

आप्पांनी बंदुकीचा दस्ता जन्मात केला नव्हता. म्हणूनच ते कबूल झाले. चैतालीला नेमबाजीचा जाडजूड कोट घालून अंगणात उभं केलं, पेरणीच्या तिफणीचं रुमणं, म्हणजे धरायचा दांडा, बेतताना माणसाची उंची घ्यावी तशी सुतळीने तिची मापं घेतली, मान किती कलते ते बघितलं, पंजा फळीवर ठेवून कोळशाने रेघ ओढली. माप असं बसलं की बोट ठेवायला जागा नाही. सगळं झालं आणि शेवटच्या हाताला, तेलात, घोडं पेंड खाऊन बसलं.

"कंचं तेल लावलं व्हतं, आप्पा?" सुगतने भीतभीत विचारलं.

"एरंडेल. दुसरं काय लावणार? माझ्या आज्यापासनं आमी एरंडेलच लावतो. तिफण म्हण, कुळव म्हण, जू म्हण. पानी शिवत न्हाय, चिरा पडत न्हाईत. भरपूर पाजलंय म्या. हातचं राखून केलं न्हाय."

आतून सिताकाकू, म्हणजे आप्पांची बायको, परात हातात घेऊन बाहेर आल्या. दसऱ्याची कडाकणी लाटायची सोडून आल्या होत्या आणि हात कोपरापर्यंत पिठाचे होते. त्यांनी चादर बाजूला केली, दस्त्यावर बोट टेकवलं आणि उचललं. बारीकसा चट् आवाज झाला.

"आवो," त्या म्हणाल्या, "तिफणीला कधी कुणी गाल लावलाय का?"

आप्पांनी दस्त्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याने जे लाकूड घडवलं ते मातीत जायचं, चिखलात रुतायचं, बैलाच्या मानेवर बसायचं. त्याला तेलाचा ओलावा हवाच असे. एरंडेल कधी सुकत नाही, हाच त्याचा गुण. पोरीच्या गालाशी गाठ पडल्यावर तोच गुण उलटला होता. आप्पांना हे तिथल्या तिथे कळलं. पण पडलो तरी नाक वर, अशी जात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खाटेवर जाऊन बसले.

"मग म्याच घासतो काचकागदानं," सुगत म्हणाला.

"घास. खुशाल घास. तेल प्यालेल्या लाकडावर काचकागद घातला की नुस्ता चिखल हुतो. आन् गालाची गोलाई एकदा बिघडली की पुन्हा भरून येत न्हाय. लाकूड हाय त्ये, मेण न्हाय."

सुगतने दस्ता पुन्हा चादरीत गुंडाळायला घेतला. तेवढ्यात चैताली सायकलवरून आली. डाव्या गालावर लाल चट्टा उठला होता. ती बापाकडे बघत नव्हती, दस्त्याकडेही बघत नव्हती. "जाऊ द्या, पप्पा," ती म्हणाली. "म्या उजव्यानं मारते. सर म्हणतेत तसं. हुईल सवय."

ती रडली असती, भांडली असती तर सुगतला चाललं असतं. तिने इतक्या शहाण्यासारखं बोलावं याचं त्याला फार वाईट वाटलं. गुरुजींच्या पट्टीखाली तोही असाच शहाणा झाला होता. तो मटकन पायरीवर बसला.

सिताकाकूंना मात्र कुणी शहाण्यासारखं हात टेकलेले आवडत नसत. "उठ रं लेकरा," त्या म्हणाल्या. "परवा माझ्या हातनं तेलाची बरणी फुटली व्हती चुलीम्होरं. तवा काय केलं म्या? फरशीला रंधा मारला व्हय? पीठ टाकलं. पिठानं वडून घेतलं समदं." आणि त्यांनी नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "का वो, पीठ हत्यार हाय का?"

आप्पांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला.

"पाटावर मांडलंय का त्ये? कुंकू लावलंय का त्येला?"

"न्हाय," आप्पा खाटेवरून गुरगुरले.

"मग झालं तर."

आप्पांनी थोडा वेळ छताकडे बघितलं. मग घसा खाकरून ते म्हणाले, "हात लावायचा न्हाय म्हणजे न्हाय. पर तोंड काय म्या पूजेला बसवलेलं न्हाय. आधी उन्हात ठेव, पत्र्यावर. लाकूड तापलं की तेल वर येतंय. तवा पीठ टाक. थंड्या लाकडावर टाकून नुस्ती भाकर करायची का?"

पूजेतून वगळलेलं ते तोंड नंतर दोन दिवस काही मिटलं नाही.

आश्विनातलं ऊन म्हणजे नुसता चटका. न्हाणीच्या पत्र्यावर दस्ता ठेवला आणि थोड्याच वेळात शिसवाच्या काळ्या रेघांमधून तेलाचे थेंब घामासारखे वर आले. चैतालीने त्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरवलं. पीठ पिवळं पडलं, गोळा झालं, सुगतने ते फडक्याने पुसलं. पुन्हा ऊन, पुन्हा पीठ. कडाकण्यांचं पीठ वेगळं काढून ठेवलेलं होतं म्हणून, नाहीतर आप्पांच्या घरी त्या वर्षी दसरा कोरडाच गेला असता. दुपार कलायला लागली तेव्हा पीठ टाकलं तसंच पांढरं खाली पडलं. चैतालीने बोट टेकवून उचललं. आवाज झाला नाही.

"आता बेलतेल आण," खाटेवरचं तोंड म्हणालं. "रंगारी रंगात घालतेत त्ये. जवसाचं कढवलेलं तेल. त्ये सुकतंय. पापडावानी कडक हुतंय."

"ह्ये आधी ठाव व्हतं तुमाला?" सिताकाकूंनी विचारलं.

"दाराला लावतो की म्या."

"मग दस्त्याला का न्हाय लावलं?"

"दार काय हातात धरून राबायचं असतंय? ह्यो दस्ता. हातात धरायची वस्तू. हातातल्या वस्तूला एरंडेल," आप्पा म्हणाले, आणि यात काय चुकलं ते आपल्याला अजून नीटसं पटलेलं नाही अशा चेहऱ्याने कूस बदलली.

सुगत सायकल घेऊन पेठेत गेला. हार्डवेअरवाल्या महालिंगप्पांनी दुकान उघडं ठेवलं होतं, पण तराजूची पूजा झालेली असल्याने आज काही तोलून मिळणार नव्हतं. सुगतचं तोंड उतरलं तसं त्यांनी कपाटामागून एक अर्धी बाटली काढली, उजेडात धरली आणि म्हणाले, "ही घेऊन जा. न तोललेली वस्तू इकत न्हाय म्या. आपली अशीच ने." खंडेनवमीला अख्खं गाव असं हातावर हात ठेवून बसलेलं असतं, आणि तरी ज्याचं अडलंय त्याचं भागतं, ते असं.

आता उरलं होतं ते हाताचं काम. तळहातावर तेलाचे थेंब घ्यायचे आणि लाकडावर चोळायचे, लाकूड गरम होईस्तोवर चोळायचे. आप्पांची सूचना एकच होती आणि ते ती सारखी देत होते. "पाजू नको. नुस्तं दाखव. तेल दिसलं न्हाय पायजे, लाकूड दिसलं पायजे."

सुगत उजव्या हाताने चोळू लागला. दस्ता मांडीवर आडवा, मुठीपासून गालाकडे, गालाकडून खांद्याकडे. मनगट भरून आलं, खांदा दुखायला लागला, तेव्हा कुणी सांगितलं नसताना डावा हात पुढे झाला. सुगतने सवयीने तो मागे घेतला.

"आता का थांबला?" आप्पा म्हणाले. "चालव की डावा. एक बैल दमला तर दुसरा काय दावणीला बघत बसतो का?"

सुगतने डावा तळहात लाकडावर ठेवला. हा हात जरा मऊ राहिलेला होता. कमी वापरलेला, कमी घट्टे पडलेला. गालाच्या फुगीर जागेवरून तो एकदा गेला, पुन्हा गेला, आणि थांबला.

"आप्पा, हितं काहीतरी हाय."

"कुठं?"

"गालापाशी, खालच्या अंगाला. उंचवटा हाय. उजव्या हाताला लागला नव्हता."

"न्हाय," आप्पा म्हणाले. "म्या सोता बघितलाय."

"हाय, आप्पा."

आप्पा उठून बसले. मोठीच पंचाईत झाली होती. हात लावून बघावं तर शपथ मोडत होती, आणि न बघावं तर दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत होता. यातलं कोणतं जास्त अवघड हे आप्पांना ओळखणाऱ्याला सांगायला नको. ते जवळ आले, हात पाठीमागे बांधून दस्त्यावर वाकले, एक डोळा मिटून उजेडात बघितलं. काही दिसलं नाही.

"चैताली," त्यांनी विचारलं, "काल गाल चिकटला त्यो कुठं जास्ती?"

चैतालीने गालावरचा लाल चट्टा चाचपला आणि दस्त्यावर बोट ठेवलं. बोट नेमकं तिथेच पडलं.

आप्पा सरळ उभे राहिले. मग सुगतच्या डाव्या हाताकडे बघत त्यांनी विचारलं, "किती उंच हाय? काय म्हणतो तुझा हात?"

इतक्या वर्षांत त्या हाताला कुणी काही विचारलं नव्हतं. सुगतने ती जागा पुन्हा एकदा चाचपली. दस्त्याचं काम, त्यात रडत काय बसायचं, असं स्वतःला बजावून तो म्हणाला, "कागदाएवढा. जाड कागदाएवढा."

"रंध्याची लाट ऱ्हायली," आप्पा पुटपुटले. सिताकाकू ऐकत होत्या, तरीही पुटपुटले. यावरून त्यांना किती लागलं होतं ते समजावं.

काचकागद तर घालता येत नव्हता. आप्पांनी अंगणात नजर फिरवली आणि ती भिंतीलगतच्या पारिजातकावर थांबली. पारिजातकाची फुलं सगळ्यांना माहीत असतात, पान कुणी बघत नाही. त्या पानाची पाठ अशी खरखरीत असते की बोट फिरवलं तर मांजर चाटल्यासारखं वाटतं. "त्येची पानं आण, पोरी," आप्पा म्हणाले. "कवळी नको, जून आण. पालथं पान बोटाखाली धरायचं आन् लाकडाच्या रेघंच्या दिशेनंच फिरवायचं. आडवं फिरवलं तर म्या खाटंवरनं उठून मारीन."

"पान हत्यार हाय का?" चैतालीने विचारलं.

"झाडाला इचार जा."

चैतालीने ओंजळ भरून पानं आणली. सुगतने एकेक पान डाव्या बोटांखाली धरून ती जागा घासली. पान मऊ पडलं की टाकायचं, नवं घ्यायचं. लाकडाची भुकटी निघत होती ती इतकी बारीक की फुंकर मारल्यावरच कळे. मधूनमधून चैताली गाल टेकवून बघे आणि मान हलवे, अजून नाही. तिचा चेहरा आता दुपारसारखा शहाणा राहिला नव्हता. ती बापावर ओरडत होती, "पप्पा, इकडं न्हाय, वर, वर!" सुगतला ते ओरडणं फार गोड लागलं. दिवेलागणीला तिने गाल टेकवला आणि लगेच उचलला नाही. सुगतने शेवटचे थेंब तळहातावर घेतले.

दसऱ्याला सकाळी बुद्धविहारात वंदना होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरातली सगळी पांढऱ्या कपड्यांत निघाली. सुगतने निघण्याआधी दस्त्याला पुन्हा एकदा हात फिरवला, त्यामुळे वंदनेला जोडलेल्या हातांना जवसाचा वास येत होता आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर पिवळा डाग पडला होता. चैतालीच्या आईने डोळे वटारले. सुगतने डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी सीमोल्लंघन करून आप्पा आणि सिताकाकू आपट्याची पानं घेऊन सुगतच्या घरी आली. सोनं देऊनघेऊन झालं. आप्पांचे हात आता मोकळे झाले होते आणि खिशातून पटाशीचं टोक डोकावत होतं. "आण इकडं," ते म्हणाले. त्यांनी दस्ता घेतला, डोळे मिटले आणि तळहात फिरवला. गालापाशी ते थांबले, मागे गेले, पुन्हा आले.

आप्पांनी पटाशी खिशात आणखी खोल सारली.

"लोखंड बसव," ते म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, "त्या एरंडेलाचं कुठं बोलू नको."

"गावभर कळलंय समद्यांना," सिताकाकू म्हणाल्या. "म्याच सांगितलं."

लोखंड बसवून सुगतने बंदूक चैतालीच्या हातात दिली. तिने कोट चढवला, डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली आणि मान खाली आणली. डोळा उघडला. नळीच्या टोकाची माशी आणि डोळ्यापुढचं भोक एका रेषेत होते. तिला मान हलवावी लागली नाही. "बसतीया," ती म्हणाली. पण सुगतला पुरती खात्री वाटेना. घरात बसते, थंड गालाला बसते. घामाने गाल भिजल्यावर तेल पुन्हा जागं झालं तर? त्या विचाराने त्याचा रात्रभर डोळा लागला नाही.

लातूरच्या हॉलमध्ये पंखे बंद होते, वाऱ्याने कागद हलू नयेत म्हणून. दारातच घाम फुटत होता. रणधीर सरांनी बंदूक हातात घेतली, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चल, उभी राहा तुझ्या खांद्याने." यापेक्षा जास्त काही बोलले नाहीत. सुगत मागच्या बाकावर बसला. गुण कसे मोजतात ते त्याला कळत नव्हतं आणि त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. तो फक्त पोरीचा गाल बघत होता. गाल खाली जायचा, फट् असा आवाज व्हायचा, गाल वर यायचा. प्रत्येक वेळी तो वर येताना सुगत बाकावरून अर्धा उठे. कानशिलावरून घाम ओघळून दस्त्यावर उतरताना त्याला स्पष्ट दिसला. गाल खाली गेला. फट्. गाल वर आला. ओढ नाही, चट्‌ नाही, केस अडकला नाही. शेवटी शेवटी तर तिने खांद्याने घाम पुसायचंही सोडून दिलं.

सगळं आटोपल्यावर भिंतीवर नावं लागली. चैतालीचं नाव राज्य स्पर्धेसाठी निवडलेल्यांत होतं, शेवटून दुसरं, पण होतं. रणधीर सर लांब ढांगा टाकत सुगतकडे आले. "हात बदलायचा नाही," ते म्हणाले, आणि सुगतचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

चैताली कोट काढत आली. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. मैत्रिणीला हात करत होती, पाणी मागत होती, आईला फोन लावा म्हणत होती, सगळं एकदम. सुगतने पाण्याची बाटली दिली. दोन दिवस मनात दाबून ठेवलेला प्रश्न आता त्याच्याने राहवेना.

"दस्ता कसा व्हता गं? चिकटला का कुठं?"

"दस्ता?" ती म्हणाली. बाटली तोंडाशीच राहिली. तिला खरोखरच आठवावं लागत होतं. "काय की, पप्पा. माझं त्याच्याकडं ध्यानच गेलं न्हाय." आणि ती मैत्रिणीकडे पळाली.

सुगत तिथेच उभा राहिला. मग त्याने फोन काढला आणि अणदूरला लावला. आप्पांनी उचलला. निवड झाल्याचं सुगतने सांगितलं, ते त्यांनी "हं" म्हणून ऐकून घेतलं. "आन् दस्ता?" त्यांनी विचारलं.

"इचारलं म्या तिला," सुगत म्हणाला. "ती म्हणली, ध्यानच गेलं न्हाय."

पलीकडे फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. फोन कटला की काय म्हणून सुगतने तो कानापासून दूर धरून बघितला. तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज आला, घरात कुणाला तरी हाका मारणारा, आयुष्यात इतक्या आनंदाने त्यांनी कधी हाक मारली नसेल असा. "अगं ए, ऐकलंस का? पोरगी दस्ता इसरली! पार इसरली!" आणि मग दोघंही म्हातारी हसत सुटली.